विहिरीवरच्या मोटरीची सुरक्षा तपासणी : केव्हा करावी, दर कसा ठरवावा



आपल्या शेती कार्यक्रमात विहिरीवरच्या विजेविषयी बोलणे झाले, त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला दिसला. "साहेब, मोटर-स्टार्टर तपासून घ्या म्हणता, पण तपासणारा एक जण शंभर रुपये सांगतो, दुसरा हजार सांगतो. यातला खरा दर कोणता? आणि हे वर्षातून किती वेळा करायचं?" प्रश्न सरळ आहे, पण रेडिओवरच्या पाच-सात मिनिटांत त्याचे उत्तर मावत नाही. म्हणून ही पत्रिका सवडीने वाचावी आणि शेजाऱ्यालाही वाचायला द्यावी.

मी शेतकी पदवीधर आहे, वीजतज्ज्ञ नव्हे. तरीही या विषयावर लिहायला बसलो, कारण या बाबतीत एकदा माझी स्वतःची चूक झाली आहे. ती आधी सांगतो.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या भागात एका गावी ओढ्याच्या दोन्ही काठांना मिळून २२ मोटरी होत्या. पावसाळ्यानंतर सगळ्यांची एकदम तपासणी करून घेऊ, म्हणजे दर कमी पडेल, असा सल्ला मीच दिला. तीन जणांकडून दर मागवले. एकाने मोटरीला शंभर रुपये सांगितले, बाकी दोघांनी त्याच्या चौपट-पाचपट. आम्ही साहजिकच शंभरवाल्याला बोलावले. तो सकाळी आला, दिवस मावळायच्या आत २२ मोटरी तपासून गेला, प्रत्येक स्टार्टरवर 'तपासले, ठीक आहे' अशी छापील चिठ्ठी चिकटवली. गाव खूश आणि मीही खूश.

पुढे महिना-दीड महिन्याने एका आबांचा बैल मोटरीजवळच्या हौदावर पाणी प्यायला गेला आणि जागच्या जागी कोसळला. कासरा धरणारा नातू कोरड्या दगडावर उभा होता म्हणून वाचला. आबा मला म्हणाले, "साहेब, चार दिवस झाले बैल त्या हौदाला तोंड लावत नव्हता. आम्हीच त्याला ओढून नेला हो." मी वायरमनला घेऊन विहिरीवर गेलो. मोटरीच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण आणि बॉडी यांच्या सांध्यावर कुंभारमाशीने मातीचे घर केलेले होते. जुने, वाळलेले, कुठेही न फुटलेले. म्हणजे ते झाकण गेल्या कित्येक महिन्यांत कुणी उघडलेच नव्हते! उघडून पाहिले तर आत एका तारेचे वेष्टन घासून गेलेले, उघडी तार बॉडीला टेकलेली. अर्थिंगची तार क्लँपपाशी गंजून तुटलेली. आणि वर स्टार्टरवर चिठ्ठी तशीच : तपासले, ठीक आहे.

त्या माणसाचा दोष आहेच. पण नंतर हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले, दर ठरवताना आम्हीही चुकलो होतो. शंभर रुपयांत झाकण उघडून, मोजमाप घेऊन, पुन्हा बंद करून देणे कुणालाच परवडणार नव्हते. त्याला दिवसाची मजुरी सुटायला २२ मोटरी कराव्याच लागणार होत्या. झाकण न उघडण्याचेच पैसे आम्ही त्याला दिले म्हणायचे.

बसवलेले यंत्र आणि प्लगचे यंत्र

घरातली इस्त्री किंवा मिक्सर तपासायचा तर प्लग काढला, यंत्र टेबलावर ठेवले, मोजले, झाले. विहिरीवरची मोटर, बोअरची पाणबुडी मोटर, पक्की जोडलेली कडबाकुट्टी, पिठाची गिरणी यांना प्लग नसतो. तारा थेट स्क्रूखाली आवळून जोडलेल्या असतात. त्यांची तपासणी करायची तर आधी मेन बंद करावा लागतो, झाकणे उघडावी लागतात, काही तारा सोडवाव्या लागतात आणि काम झाल्यावर जशाच्या तशा जोडाव्या लागतात. उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते, हे आपण सगळे जाणताच. वेळ जातो तो यात. खरे मोजमाप मिनिटा-दोन मिनिटांचे असते.

आणखी एक गोष्ट. मिक्सर आपण हातात धरतो, त्याची तार खराब झाली तर दिसते. मोटर मात्र वर्षानुवर्षे एका जागी, ओलीत, उंदीर-पालींच्या संगतीत असते. बिघाड आत होतो आणि मोटर चालूच राहते. पाणी येतंय ना, मग सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. मोटर चालते म्हणजे ती सुरक्षित आहे, असे मात्र मुळीच नाही.

जबाबदारी कुणाची हेही इथेच सांगतो. डीपी, खांब, तारा आणि मीटरपर्यंतचा भाग वीज कंपनीचा. त्यात बिघाड दिसला तर १९१२ या क्रमांकावर कळवा, स्वतः हात लावू नका. मीटरच्या पुढे मेन स्विच, स्टार्टर, केबल, मोटर आणि आपले अर्थिंग हे सगळे आपले. ते तपासायला कंपनीचा माणूस येईल याची वाट पाहू नये.

फ्यूज आहे, मग भीती कशाची?

ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून थोडे आकडे देतो. कंटाळा करू नका, चौथीच्या मुलाला येईल असे गणित आहे.

फेजची तार बॉडीला टेकली तर वीज अर्थिंगमधून जमिनीत जाऊ पाहते. किती जाईल? व्होल्टला रोधाने, म्हणजे ओहमने, भागायचे. २३० व्होल्ट आणि अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल तर ४६ अँपियर होतात. डीपीच्या अर्थिंगचा रोध त्यात मिळवला की प्रवाह थोडा कमी भरेल, पण १५ अँपियरचा फ्यूज उडायला पुरेसा राहील. आता अर्थिंग वाळून त्याचा रोध २५ ओहम झाला, तर २३० भागिले २५ म्हणजे जेमतेम ९ अँपियर. १५ चा फ्यूज उडणार नाही. मोटर चालू राहील, बॉडीत वीज राहील, पाइपात राहील, हौदाच्या ओल्या कडेला राहील. किटकॅटमध्ये फ्यूजतारेऐवजी जाड तांब्याची तार कोंबली असेल तर मग बोलायलाच नको.

माणसाला किती पुरते? ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर अंगातून जाणारा प्रवाह होतो पाव अँपियरच्या जवळपास. त्याहून पुष्कळ कमी, अँपियरच्या विसाव्या हिश्शाएवढा प्रवाहसुद्धा छातीतून गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणजे माणूस मारण्याइतक्या विजेची फ्यूजला खबरही लागत नाही. फ्यूज तारांच्या रक्षणासाठी आहे, माणसासाठी नाही. माणसासाठी गळती ओळखणारा आरसीसीबी स्विच असतो. ३० मिलीअँपियरचा स्विच एवढीशी गळती होताच वीज तोडतो. लांब आणि जुन्या केबलवर तो वारंवार पडतो अशी तक्रार येते आणि काही जण तो बाजूला करून थेट तार जोडतात. हे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून कुत्राच हाकलून देणे झाले. तो का पडतो, हे आधी तपासून घ्या.

जनावरांचे तर आणखी अवघड. जमिनीत वीज उतरते तेव्हा जवळच्या आणि लांबच्या जागेत व्होल्टचा फरक पडतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठे, त्यामुळे त्याला तो फरक जास्त बसतो, आणि प्रवाह छातीतूनच जातो. आपल्या पायात चप्पल असते, त्याच्या पायात नसते. म्हणून जनावर एखाद्या हौदाला बिचकू लागले, पाण्याला तोंड लावून झटकन मागे सरू लागले, तर त्याला मारू नका. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. ते आपल्याला काहीतरी सांगत असते. आबांच्या बैलाने चार दिवस सांगितले होते.

नीट तपासणी म्हणजे काय

तपासणारा माणूस काय करतो हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे त्याने ते केले की नाही हे कळते. त्याने आधी मेन बंद करावा आणि किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू. झाकण उघडे असताना लाइन आली तर काय होईल, याचा विचार करा. किटकॅट खिशात घातले की ती भीती संपते. कपॅसिटर बसवलेला असेल तर वीज बंद केल्यावरही त्यात काही वेळ शिल्लक राहते. ती उतरवल्याखेरीज हात घालू नये.

मग डोळ्यांनी पाहणी. केबलला चिरा, उंदराने कुरतडलेली जागा, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे, तापून काळे पडलेले स्क्रू. निम्मे दोष इथेच सापडतात असे जुने वायरमन सांगतात, आणि मला ते पटते. तीन फेजच्या मोटरीच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन वेगवेगळ्या तारा हव्यात. एक तुटली तर दुसरी असावी, म्हणून. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून हे लिहिलेले आहे. पण शेतावर दुसरी तार मी क्वचितच पाहिली आहे.

त्यानंतर मोजमापे. पहिले मेगरचे. मेगर म्हणजे तारेवरचे वेष्टन किती घट्ट आहे ते पाहण्याचे यंत्र. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन प्रत्येक फेज आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजतात. तो १ मेगओहमपेक्षा, म्हणजे दहा लाख ओहमपेक्षा कमी नसावा. हा आकडाही जुन्या नियमांतला, आणि २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही तो तसाच राहिला. इथे एक काळजी घ्यावी लागते : स्टार्टरला मोबाइलवर चालणारा पेटारा किंवा सिंगल फेज प्रिव्हेंटर असेल तर तो आधी सोडवून ठेवावा, नाहीतर मेगरच्या दाबाने तो जळतो. घाईत असलेला माणूस हे करत नाही, आणि नंतर 'तपासणीनेच माझा पेटारा गेला' म्हणून भांडण होते.

दुसरे मोजमाप अर्थिंगचे. बॉडीपासून अर्थिंगच्या पाइपापर्यंत तार अखंड आहे का, हे साध्या मीटरने कळते. पण पाइपाचा जमिनीशी संबंध किती चांगला आहे हे कळायला अर्थ टेस्टर लागतो. त्यासाठी पाइपापासून लांब, एकाच रेषेत दोन खिळे जमिनीत ठोकून तारा जोडतात. तपासणाऱ्याने खिळे ठोकलेच नाहीत तर अर्थिंगचा रोध मोजलाच नाही, असे खुशाल समजा.

शेवटी किटकॅट लावून, वीज देऊन तिन्ही फेजचे व्होल्ट पाहायचे, चिमट्याच्या मीटरने तिन्ही तारांतला प्रवाह पाहायचा आणि मोटरीच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडायचा. ओव्हरलोडचा काटा त्याप्रमाणे लावलेला आहे का बघायचे आणि आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो का पाहायचे. हे बटण तर आपण स्वतः महिन्यातून एकदा दाबावे. त्याला पैसे पडत नाहीत.

दर कसा ठरवावा

एवढे सगळे मन लावून करायला एका मोटरीमागे पाऊण तास ते तास जातो. मोटरी एकमेकींपासून लांब. बांधावरून चालणे, कुलूप उघडणे, चहा, ही वेळ धरली तर एक माणूस आणि एक मदतनीस दिवसात सहा-सात मोटरींपेक्षा जास्त करू शकत नाहीत. दराचा हिशेब इथून सुरू होतो.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. हे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, आपल्या तालुक्यात काय चालते ते विचारून त्या जागी घाला. समजा तपासणारा आणि मदतनीस यांची दिवसाची मजुरी २,००० रुपये, येण्याजाण्याचे ४००, यंत्रांची झीज आणि ती वेळोवेळी प्रमाणित करून घेण्याचा खर्च ३००, नोंदीचे कागद वगैरे १००. एकूण २,८०० रुपये. सात मोटरी झाल्या तर मोटरीमागे ४०० पडले. एकट्याने एका मोटरीसाठी बोलावले तर त्याचा अर्धा दिवस मोडतो : मजुरी १,०००, येण्याजाण्याचे पूर्ण ४००, बाकीचे निम्मे धरून २००, म्हणजे १,६०० रुपये. तेच काम, पण खर्च चौपट. म्हणून एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून एकच दिवस ठरवावा हा माझा सल्ला आजही कायम आहे. गावाने एकत्र यावे आणि दर पडतो तितका द्यावा. चूक एकत्र येण्यात नव्हती, दिवसात २२ होतील असे मानण्यात होती.

कुणी तासावर दर सांगतो, कुणी मोटरीवर. तासावर दिला तर काम रेंगाळते, मोटरीवर दिला तर काम पळते. माझे मत विचाराल तर मोटरीवरच द्या, पण 'एका दिवसात सातपेक्षा जास्त नाहीत आणि प्रत्येकीचे आकडे लिहून पाहिजेत' असे आधी ठरवा. खोट्या चिठ्ठीपेक्षा खोटे आकडे लिहिणे अवघड जाते. सातही मोटरींचे आकडे सारखेच आले तर डोळे उघडा. दोन मोटरींचे मेगरचे आकडे सहसा हुबेहूब जुळत नाहीत.

दुसरे असे की तपासणीचे पैसे आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे ठेवावे. रिवायंडिंगवाला फुकट तपासून देतो म्हणाला तर त्याला मोटरीत दोष सापडणारच, आणि 'पास केली तरच पैसे' म्हणालात तर तपासणाऱ्याला दोष सापडणार नाही. दोष निघो न निघो, तपासणीची रक्कम ठरल्याप्रमाणे द्यावी. दुरुस्ती कुणाकडून करायची ते नंतर आपण ठरवू. दुरुस्तीनंतर फेरतपासणी लागतेच, तिचा दरही त्याच वेळी बोलून ठेवावा. साधारण निम्मा योग्य वाटतो, कारण सगळे पुन्हा करावे लागत नाही. आणि तपासणारा दारात आला, पण खोलीला कुलूप आणि मालक बाजाराला, असे झाले तर त्याच्या हेलपाट्याचे काहीतरी दिले पाहिजे. हे ऐकायला कडू लागेल, पण त्याचाही दिवस बुडतो.

माणूस कोणता बोलवावा? शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेला वीज ठेकेदार किंवा त्याच्याकडचा परवानाधारक वायरमन. परवाना पाहायला मागावा. खरा माणूस रागावत नाही. मेगर आणि अर्थ टेस्टर दोन्ही आहेत का, हेही फोनवरच विचारावे. नुसता खिशातला टेस्टर घेऊन येणाऱ्याला सुरक्षा तपासणी करता येत नाही.

केव्हा करावी

इथे आपल्या शेतीच्या हंगामाचा उपयोग होतो. ओल आणि कोरड या दोन गोष्टींचे काम उलट आहे. मोटर पावसाळाभर बंद पडून असते, वाइंडिंगमध्ये दमटपणा शिरतो, वेष्टन सर्वांत कमजोर झालेले असते ते पावसाळ्याच्या शेवटी. अर्थिंगचे उलट. पावसाळ्यात जमीन ओली, त्यामुळे अर्थिंग उत्तम दिसते. चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळते, पाइपापासून माती सुटते, मधे हवा राहते आणि रोध वाढतो. मुरमाड जमिनीत तर आधीच जास्त असतो. पावसाळ्यात अर्थिंग मोजून 'छान आहे' म्हणणे म्हणजे भादव्यात विहीर पाहून उन्हाळ्याच्या पाण्याची खात्री देण्यासारखे आहे.

म्हणून पूर्ण तपासणी दसऱ्याच्या सुमारास, रब्बीसाठी मोटर पहिल्यांदा सुरू करण्याच्या आधी करावी. मोटर बंद राहिल्यानंतर पहिल्यांदा बटण दाबण्याआधी मेगर लावला तर दमट मोटर जळण्यापासूनही वाचते. ती उन्हात किंवा दिव्याच्या उबेत वाळवून घेता येते. फक्त अर्थिंगची छोटी तपासणी एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात. तिला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, दिवसात चौदा होऊ शकतात, म्हणजे वरच्याच हिशेबाने मोटरीमागे २०० रुपये. दोन्ही मिळून वर्षाला ६०० झाले. मे महिन्यात आणखी सोय अशी की रोध जास्त निघाला तर पाऊस यायच्या आत नवा खड्डा घेता येतो. किमान अडीच मीटर लांबीचा, चाळीस मिलिमीटर व्यासाचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळे. मीठ काही वर्षांत वाहून जाते, ते पुन्हा घालावे लागते. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या नरसाळ्यात ओतत जा. पोराबाळांना हे काम आवडते.

दिवस ठरवताना लाइनच्या पाळीकडे बघा. मेगर लावायला वीज बंद लागते, ती आपण मेन बंद करून करू शकतो. पण प्रवाह मोजायला आणि आरसीसीबी तपासायला वीज हवी. जिथे अजून आठवड्यागणिक रात्रीची आणि दिवसाची पाळी असते, तिथे दिवसपाळीचा आठवडा निवडावा. त्यातही तपासणाऱ्याला लाइन येण्याच्या तासभर आधी बोलवावे. एक तर मोटर थंड असते. गरम मोटरीचा मेगरचा आकडा कमी येतो आणि विनाकारण घबराट होते. दुसरे म्हणजे पहिल्या मोटरीचे बंद विजेचे काम होईतो लाइन येते आणि पुढचे काम लगेच उरकते. कांद्याचे किंवा उसाचे पाणी तुंबलेले असेल तो दिवस टाळा, नाहीतर मालक डोक्यावर उभा राहतो आणि तपासणारा घाई करतो.

या दोन वेळांखेरीज काही प्रसंगी हंगामाची वाट पाहू नये : मोटर रिवायंडिंग होऊन आली, जागा बदलली, केबलला नवा सांधा घातला, विहिरीवर पाणी चढले, जवळ वीज पडली, किंवा कुणाला बॉडीला नुसता मुंगी चावल्यासारखा झटका जाणवला, तर आधी तपासणी आणि मग मोटर. 'थोडासाच येतो' हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकले आहे. सुकलेल्या पायाला थोडासा येतो. दारे धरताना पाय ओले असतात.

आकड्यांची वही

चिठ्ठीपेक्षा वही बरी. एक दोनशे पानी वही घ्या; तारीख, मोटर थंड की गरम, तिन्ही फेजचे मेगरचे आकडे, अर्थिंगचे ओहम, तिन्ही तारांचे अँपियर आणि तपासणाऱ्याची सही. समजा पहिल्या वर्षी मेगरचा आकडा ५० होता, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ४. नियमाप्रमाणे ४ म्हणजे पास. पण वही सांगते की मोटर घसरणीला लागली आहे आणि पुढच्या वर्षी ती टिकणार नाही. बोअरच्या पाणबुडी मोटरीबाबत तर ही वहीच आपला डोळा आहे. तिचे झाकण उघडता येत नाही. स्टार्टरपाशी केबलवर मेगर लावूनच खालची खबर घ्यावी लागते. आकडा उतरताना दिसला तर आपल्या सवडीने, पीक उभे नसताना मोटर वर काढता येते. ऐन गव्हाच्या ओंबीत ती जळाली तर घोडी-पुली मिळेपर्यंत पीक वाळते.

सौर पंप बसवलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पॅनेलवर ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत वीज आहे. तिला मेन स्विच नाही, फ्यूज काढूनही पॅनेलपासून स्विचपर्यंतचा भाग जिवंतच राहतो. तपासणी सकाळी लवकर, डीसी स्विच बंद करून, त्या कामाची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी. देखभालीचा करार पुरवठादाराशी असेल तर त्यात वर्षातून किती भेटी लिहिल्या आहेत ते कागद काढून वाचा आणि तेवढ्या भेटी मागून घ्या.

त्या ओढाकाठच्या गावात आम्ही नंतर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासणी करून घेतली. २२ मोटरींना त्याला चार दिवस लागले. पाच मोटरींत दोष निघाले, आणि त्यातल्या दोघींच्या बॉडीत आम्ही गेलो त्या दिवशीही वीज होती. आबांनी आपल्या मोटरीच्या खोलीत खिळ्याला दोरीने वही टांगली आहे. मी त्या बाजूला गेलो की ते चहाच्या आधी ती वही माझ्या हातात देतात.